निरर्थक अक्षर

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी मला विचारलंत, "आजी, तू एवढी मोठी झालीस, मग अजून कॉलेजात का जातेस?" तुमच्या आईने तुम्हाला दटावलं आणि मी हसून विषय बदलला. पण प्रश्न वाजवी होता, आणि वाजवी प्रश्न हसण्यावारी नेणं मला आवडत नाही. म्हणून लिहिते आहे. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, इंग्रजीत लिहिणं मला जास्त सोपं गेलं असतं. तरी मराठीत लिहिते. तुमची आई वाचून दाखवेल. अडेल तिथे तिला विचारा, तीही अडली तर मला फोन करा.

आधी माझं काम काय ते सांगते. हॉस्पिटलच्या पाटीवर 'स्पीच थेरपिस्ट' लिहिलेलं आहे. बाहेर बाकावर बसलेली माणसं मला 'बोलायच्या डॉक्टर' म्हणतात. मी डॉक्टर नाही. मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा थोडा वेळ जरी तुटला, तरी कित्येकांची वाचा जाते. जीभ, ओठ, घसा जागच्या जागी असतात, पण शब्द सापडत नाहीत. याला वाचाघात म्हणतात. स्वयंपाकघर तेच असावं, डबे तेच असावेत आणि कुणीतरी सगळ्या डब्यांची झाकणं अदलाबदल करून ठेवावीत, तसं ते असतं. साखर घरात आहे, पण कुठल्या डब्यात ते कळत नाही. मी त्या माणसाबरोबर बसून एकेक डबा उघडते.

नोकरीतून मोकळी झाल्यावर हॉस्पिटलचं काम मी मानद म्हणून चालू ठेवलं आणि या विषयात संशोधनासाठी नाव नोंदवलं. ज्यांना दोन भाषा येतात त्यांना वाचाघात झाला, तर कुठली भाषा आधी परत येते, हा माझा प्रश्न. दोन भाषा म्हणून मी मराठी आणि इंग्रजी घेतल्या, कारण मला त्या दोन येत होत्या. माणसाला दोन भाषा येतात म्हणजे याच दोन येतात, असं तेव्हा मला खरोखर वाटत होतं. या वाक्याची मला आता चीड येते, पण लिहायचं ठरवलं आहे तर लिहायलाच हवं.

तुलनेसाठी मला काही एकभाषिक माणसं हवी होती, फक्त मराठी येणारी. अशात हॉस्पिटलमधून फोन आला, "मॅडम, तुम्हाला हवी तशी केस आलीय. मराठीच्या शिक्षिका होत्या."

त्या बाईंना अर्धं नाशिक 'बाई' म्हणूनच ओळखतं. मीही इथे तेच म्हणते. शाळेत तीसेक वर्षं त्यांनी मराठी शिकवलं. यजमान वारले, मुलगा पुण्यात नोकरीला, बाई कॉलेज रोडच्या मागच्या बाजूला आपल्या फ्लॅटमध्ये एकट्या राहत. एके सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली आणि दार उघडलं नाही. शेजाऱ्यांनी किल्लीने उघडलं तेव्हा त्या स्वयंपाकघरात पडलेल्या होत्या. उजवा हात, उजवा पाय गेला होता आणि वाचाही.

मी गेले तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या. अंगावर हॉस्पिटलचा गाऊन, पण केस नीट विंचरून अंबाडा घातलेला. वॉर्डातल्या मावशी घालून देत. हॉस्पिटलात आयाबाईंना आम्ही मावशी म्हणतो, त्या वयाने आपल्यापेक्षा लहान असल्या तरी. मुलगा पुण्याहून आलेला होता. माझा फॉर्म मी त्याला विचारत भरला. मातृभाषा या रकान्यात मराठी असं लिहूनच आणलं होतं. मराठीच्या शिक्षिकेची मातृभाषा काय विचारायची?

"आई फार शुद्ध बोलायची, मॅडम," तो म्हणाला. "मी लहानपणी कुठेतरी ऐकून 'हाय' म्हटलं, तर ताट बाजूला सरकवलं होतं तिने. म्हणाली, आधी 'आहे' म्हण, मग जेव."

मला ते आवडलं. माझ्या आईनेही तेच केलं असतं.

चाचणी सुरू केली. चित्र दाखवायचं, नाव विचारायचं. कपाचं चित्र दाखवलं. बाई चित्राकडे बघत राहिल्या, ओठ हलले, आणि म्हणाल्या, "शे."

किल्लीचं चित्र. "शे... शे."

भोपळ्याचं चित्र दाखवलं तेव्हा काहीतरी मोठं निघालं, घरघरीत. मला ते कळलं नाही. मग पुन्हा, "शे."

माझ्याबरोबर शिकाऊ मुलगी होती. ती हळूच म्हणाली, "मॅडम, त्या हजेरी मोजतायत का? शे, दोनशे?" मी तिला डोळ्यांनी गप्प केलं, पण मनात म्हटलं, असेलही.

वाचाघातात असं होतं. एकच अक्षर किंवा एकच शब्द माणसाच्या तोंडात अडकून बसतो, आणि काहीही सांगायचं असलं तरी तोच बाहेर पडतो. माझ्या एका पेशंटच्या तोंडी फक्त 'टाटा' उरलं होतं. त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

पुढचा भाग हो-नाही प्रश्नांचा. "हा दिवा चालू आहे का?" "तुम्ही पुरुष आहात का?" "आत्ता पाऊस पडतोय का?" "तुम्ही नाशिकच्या आहात का?" प्रत्येक प्रश्नाला मान हलवून किंवा तोंडाने उत्तर द्यायचं. मान कधी उभी हलायची, कधी आडवी, कधी हलायचीच नाही. तोंडातून येत होतं ते शे आणि ईशे. शे, ईशे, ईशे, शे. मी जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहिलं. कानावर पडेल तो आवाज लिहायचा, आपल्या मनातला नाही, असं आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात, आणि मी ते चाळीस वर्षं पाळत आले आहे. रेकॉर्डिंगही केलं.

शेवटी सूचना. "डोळे मिटा." त्यांनी मिटले नाहीत. "जीभ दाखवा." दाखवली नाही. "डावा हात वर करा." त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

तीन दिवस मी हे केलं. चौथ्या दिवशी अहवाल लिहिला. त्यातल्या दोन ओळी मला पाठ आहेत, आणि पाठ असाव्यात हेच बरं. 'एकाच निरर्थक अक्षराची पुनरावृत्ती. आकलन अत्यल्प, साध्या सूचनाही कळत नाहीत.' खाली सही केली, सुवाच्य.

मुलाने अहवाल वाचला. तो वाईट माणूस नव्हता, हे मी स्पष्ट सांगते. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही, नवराबायको दोघं दिवसभर कामावर. शहराबाहेर एक शुश्रूषाघर आहे, तिथे त्याने चौकशी केली होती. तिथे दोन विभाग होते. ज्यांना समज आहे त्यांच्यासाठी खोल्या आणि बाग, आणि ज्यांना समज नाही त्यांच्यासाठी मागची इमारत. तिच्या दाराला बाहेरून कडी. माझ्या अहवालाने बाईंची जागा मागच्या इमारतीत ठरली. सोमवारी न्यायचं होतं.

"मॅडम," तो कागद घडी करत म्हणाला, "तिला कळत असतं तर मी तिलाच विचारलं असतं. घर बंद करायचं का, काय करायचं. आता कुणाला विचारू?"

मी सहानुभूतीने मान हलवली. ती हललेली मान आठवली की आजही अंगाचा तिळपापड होतो.

शनिवारी दुपारी मी शेवटचं एक रेकॉर्डिंग करायला गेले. वॉर्डाच्या दाराशी आले तर आतून हसण्याचा आवाज. दोघींचा. मावशी बाईंच्या पाठीमागे उभ्या राहून वेणी घालत होत्या आणि बोलत होत्या.

"आज बी येई, दखजो. चित्रं लई."

बाईंचे खांदे हलत होते. त्या हसत होत्या. लुळ्या गालामुळे हसू एका बाजूने वर जात होतं, पण तिथे माणूस हसत होता याबद्दल कुणाची शंका राहिली नसती.

"शे," बाई म्हणाल्या. मग डावा हात कपाळापाशी नेऊन बोट गोल फिरवलं. "येडी... शे."

मावशी खळखळून हसल्या आणि तेवढ्यात त्यांना मी दिसले. हात केसांतच थांबला.

"मावशी," मी म्हटलं, "त्यांना काय सांगत होतात?"

"काय नाय मॅडम. म्हटलं, आज पण येतील चित्रं घेऊन, परीक्षा हे."

"आणि त्या काय म्हणाल्या?"

मावशींनी खालमानेने वेणीला रबर लावलं. "जाऊ द्या ना मॅडम."

"मावशी."

"तुम्हाला येडी म्हटल्या. रागावू नका. आजारी माणूस हे."

मी खुर्ची ओढून बसले.  "तुम्हाला त्यांचं बोलणं कळतं?"

"कळतं म्हंजे? आमचंच तर बोलतात. सटाण्याच्या पुढं माझं माहेर, यांचं गाव तिथून दोन कोसावर. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, माय, पाणी पेवानं का, तर म्हणे शे. मी म्हटलं, अगं बाई, ही तर आपली निघाली."

"शे म्हणजे..."

"शे म्हंजे हाय. तुम्ही म्हणता ना, आहे. आणि नसलं की नई शे. जीभ जड झालीय त्यांची, न निघत नाय, मग ईशे म्हणतात." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"तुम्ही मला इतके दिवस का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इचारलं कुठं? मला वाटलं तुम्हाला माहीत असंल. तुम्ही बोलण्याच्या डॉक्टर."

त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटलं होतं, म्हणून ते जास्त लागलं.

आता तुम्हाला वाटेल, नाशिकला जन्म काढलेल्या आपल्या आजीला 'शे' कसं कळलं नाही? तुम्हाला वाटो न वाटो, मला वाटतं. बागलाण, सटाणा, मालेगाव, सगळा तो पट्टा अहिराणी बोलतो. आमच्याकडे भाजी घेऊन येणारी बाई म्हणते, "ताई, ताजं शे." ते मी अर्धं आयुष्य ऐकलं आहे. भाजीवालीच्या तोंडून आलं असतं तर पहिल्या अक्षराला ओळखलं असतं. पण समोर मराठीच्या शिक्षिका होत्या. त्यांच्या तोंडून ते येईल असं माझ्या कानाला मान्यच नव्हतं. कानावर पडेल तो आवाज मी बिनचूक लिहिला, आणि बाईंच्या नोकरीकडे बघून त्याचा अर्थ लावला.

मी शाळेत असताना मधल्या सुट्टीत मराठी बोललं की आमच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी अडकवत. मी दोनदा घातली आहे. ती गोष्ट मी तुमच्या आईला, तुमच्या मामाला, जेवायला आलेल्या प्रत्येकाला रागारागाने सांगत आले. आणि एका आजारी बाईच्या गळ्यात मीच पाटी अडकवली. तिच्यावर लिहिलं होतं, निरर्थक.

त्या संध्याकाळी घरी येऊन तीन दिवसांची रेकॉर्डिंग पुन्हा लावली आणि समोर माझा फॉर्म ठेवला. "हा दिवा चालू आहे का?" शे. दिवा चालू होता. "तुम्ही पुरुष आहात का?" ईशे. "आत्ता पाऊस पडतोय का?" ईशे. बाहेर ऊन होतं. मी एकेक ओळ खाली उतरत गेले. हो तिथे शे, नाही तिथे ईशे. माझ्याच अक्षरात, माझ्याच रकान्यात सगळं लिहिलेलं होतं. भोपळ्यापाशीही थांबले. ती घरघर तीन वेळा ऐकली. बाई म्हणत होत्या, "डांगर." तिकडे भोपळ्याला डांगर म्हणतात. इकडे नाशकातही कितीतरी घरांत म्हणतात.

एकच उत्तर चुकलेलं निघालं. "तुम्ही नाशिकच्या आहात का?" फॉर्मवरचं बरोबर उत्तर होतं, हो. बाई म्हणाल्या होत्या, ईशे.

त्या उत्तरावर मी पेन्सिलने फुली मारली. मग त्यांचं गाव आठवलं आणि रबर घेऊन खोडली. चूक प्रश्नाची होती, त्यांची नव्हती.

रविवारी सकाळी मी माझ्या मार्गदर्शक सरांना फोन केला. ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत आणि मला मॅडम म्हणतात. सगळं क्रमाने सांगितलं. म्हटलं, पहिला अहवाल मागे घ्यायचा आहे, मावशींना शेजारी बसवून पुन्हा चाचणी करायची आहे, आणि बाईंना एकभाषिकांच्या यादीतून काढून दोन भाषांच्या यादीत घालायचं आहे.

"दोन भाषा कुठल्या?" ते म्हणाले.

"अहिराणी आणि मराठी."

"मॅडम, अहिराणी बोली आहे. आपल्या फॉर्ममध्ये भाषा विचारलीय."

"सर, बोलीत न बोलता माणूस भाषा कशी बोलतो?"

"तसं नाही. अहिराणीची प्रमाणित चाचणी आहे का आपल्याकडे? नाही. मग तिच्यातले गुण धरणार कसे? आणि त्या आयाबाई दुभाषी म्हणून विद्यापीठाच्या समितीला चालणार नाहीत. त्यांची पात्रता काय?"

"त्यांना कळलं, ही."

 ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "भावनिक होऊ नका. ती केस वगळा. नोंद स्वच्छ राहील."

"कुणाची?" मी विचारलं.

सरांच्या या सल्ल्याचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे शेवटी त्यांचं तोंड पाहायला नको. मी केस वगळली नाही. शोधाचा विषय बदलायचा अर्ज केला. आता तो अहिराणी आणि मराठीवर आहे, सुरगाणा-पेठकडची आदिवासी कोकणी, गोव्याची नव्हे, ती बोलणाऱ्यांनाही मी त्यात घेतलं आहे. समितीने तीनदा परत पाठवला. एकदा 'बोली' शब्दाखाली लाल रेघ मारून, एकदा रेघ न मारता, एकदा मी वयाचा विचार करावा अशी सूचना जोडून. चौथ्यांदा मंजूर केला, बहुधा कंटाळून. म्हणून मला सगळं पहिल्यापासून करावं लागतंय, आणि म्हणून तुमची आजी या वयात पाठीला दप्तर लावून बसने जाते. हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आता सोमवार.

सोमवारी सकाळी मी मुलाच्या आधी पोचले. मावशींची ड्यूटी संपत आली होती, त्यांना म्हटलं, थांबाल का. त्या थांबल्या. बाईंना मी सरळ सांगितलं, "बाई, माझी चूक झाली. तुम्ही पहिल्या दिवसापासून बरोबर उत्तरं देत होतात. मला ऐकू आलं नाही."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. वर्गात उशिरा आलेल्या मुलीकडे बघावं तसं.  डोळे मिटा, जीभ दाखवा, हे त्यांनी का केलं नव्हतं, ते मावशींनी मला शनिवारीच ऐकवलं होतं, "त्यांना राग आला होता मॅडम. इतकी वर्षं पोरांना गप्प बसवलं, आता कोणी येऊन जीभ दाखवा म्हणतं."

मुलगा आला, हातात शुश्रूषाघराचा फॉर्म, भरलेला. मी त्याला बाहेर नेऊन रेकॉर्डिंग ऐकवलं. प्रश्न, उत्तर, प्रश्न, उत्तर. त्याने इयरफोन काढले तेव्हा तो माझ्याकडे बघत नव्हता.

"तिचं माहेर तिकडचं आहे, ते माहीत होतं," तो म्हणाला. "मामा आला की दोघं दार लावून बोलायची. आम्ही जवळ गेलो की मराठीत सुरू. एकदा हसत सांगितलं होतं तिने, नोकरीच्या पहिल्या दिवशी वर्गात म्हणाली, खडू कठे शे? पोरं महिनाभर शे शे करून हसत होती. त्यानंतर ती कधी... घरात तर कधीच नाही." त्याने इयरफोन माझ्या हातात दिले. "मी ऐकलं होतं मॅडम, ती शे म्हणते ते. पण तुम्ही लिहिलंत निरर्थक आहे. मग मी ऐकणं सोडून दिलं."

 

आम्ही आत गेलो. तो खाटेच्या कडेवर बसला आणि काय बोलावं ते त्याला सुचेना. शेवटी मावशीच म्हणाल्या, "इचारा ना. मराठीत इचारा, कळतं त्यांना सगळं. बोलतील आपल्यात, मी सांगते."

"आई," तो म्हणाला, "हे बघ. एक जागा आहे. तिथे नर्स असतात, व्यायाम करून घेतात. किंवा पुण्याला, माझ्याकडे. जिना आहे, पण बघू काहीतरी. किंवा..." त्याला पुढचं वाक्य जमलं नाही. "तुला कुठे राहायचंय?"

बाईंनी बराच वेळ घेतला. ओठ जुळत होते, सुटत होते. मी मधे बोलले नाही. तेवढं तरी मला येतं.

"घर," त्या म्हणाल्या. "मन्हं... घर."

"गावाला? मामाकडे?"

"नई." या वेळी न निघाला. "आठे. मन्हं."

"इथलं म्हणतात," मावशी म्हणाल्या. "त्यांचं सवताचं."

"अगं, पण एकटी कशी राहशील तू? स्वयंपाक, अंघोळ..."

बाईंनी डावा हात उचलून मावशींकडे बोट दाखवलं.

"मला काय बोट दाखवता?" मावशी म्हणाल्या. "माझी नोकरी हे हितं." मग त्याच दमात, "माझी धाकटी बहीण हे, पंचवटीत राहती. दिवसा येऊन जाईल. पण तिला लय बोलायला लागतं, सांगून ठेवते. गप्प बसणारं माणूस तिला चालत नाय."

मुलगा अजून आईकडेच बघत होता. "तू मला आधी का नाही..." म्हणाला, आणि स्वतःच थांबला.

बाई रागावल्या. कुणालाही कळावं असं त्या रागावल्या. भुवया जवळ आल्या, डावा हात खाटेवर आपटला, आणि एकेक शब्द ओढून काढत, न थांबता, माझ्याकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीने बघत त्या म्हणाल्या, "तेच... सांगी... राहिनू. इतला दिन. तेच."

मावशींनी भाषांतर केलं नाही. गरज नव्हती.

मग बाईंनी हात पुढे केला, तळवा वर करून. मुलाला कळलं नाही. मला कळलं, कारण माझ्या शाळेतल्या बाईही वही मागताना असाच हात करत. मी त्याच्या हातातला फॉर्म घेऊन त्यांच्या मांडीवर ठेवला, कागदाखाली आधाराला माझी फाइल दिली आणि पेन डाव्या हातात दिलं. त्यांनी फॉर्म मुलाकडे किंचित सरकवला. वाच. तो वाचू लागला. नाव, वय, पत्ता. रक्तदाब. नातेवाइकाचा फोन. 'रुग्णास समज आहे का?' आणि त्यापुढे त्याने स्वतः लिहिलेलं उत्तर तो हळू आवाजात वाचून गेला.

बाईंचं पेन तिथे आलं. डाव्या हाताची सवय नव्हती, रेघ वाकडी गेली, खालच्या ओळीत उतरली. पण शब्द खोडला गेला. मग त्या बाजूला काहीतरी लिहू लागल्या, एक उभी काठी, वर एक तिरकी, आणि थकून थांबल्या. काय लिहायचं होतं ते मी विचारलं नाही. त्यांनी पेन मला परत दिलं, टोपण लावून. टोपण एका हाताने आणि दातांनी लावलं.

मुलगा उठून डिस्चार्जच्या खिडकीकडे गेला. मी माझ्या टेबलाशी जाऊन पहिला अहवाल रद्द केल्याचं पत्र लिहिलं, चूक कुणाची ते त्यात स्पष्ट लिहिलं, आणि त्याची एक प्रत त्याच्या कागदांत लावली. विभागप्रमुखांनी विचारलं, एवढं खुलासेवार कशाला, नुसतं 'सुधारित अहवाल' लिहा ना. मी म्हटलं, सुधारणा पेशंटमध्ये झालेली नाही, माझ्यात झाली आहे. त्यांना ते पटलं नाही. पत्र तसंच गेलं.

बाराच्या सुमारास बाईंना व्हीलचेअरवरून खाली आणलं. मावशी फाटकापर्यंत आल्या, गाडीत पाय उचलून ठेवले, पदर दारात अडकणार नाही असा आत सारला आणि खिडकीतून वाकून काहीतरी म्हणाल्या. बाईंनीही काहीतरी म्हटलं. दोन-तीन शब्द असतील. मला ते कळले नाहीत, आणि या वेळी मी ते निरर्थक मानले नाहीत.

गाडी फाटकातून बाहेर पडली. शुश्रूषाघराचा रस्ता उजवीकडे होता. मुलाने डावीकडचा सिग्नल दिला, एक रिक्षा जाऊ दिली आणि शहराकडे वळला.